एकच थाळी, इथेच बसते

प्रश्न : मी लातूरला राहते. वय ४३. विमा कार्यालयांच्या तपासणीचे काम माझ्याकडे असल्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी मला कोल्हापूरला यावे लागते आणि बसस्थानकाजवळच्या लॉजवर तीन-चार दिवस मुक्काम पडतो. दुपारी कार्यालयातल्या लोकांबरोबर डबा होतो; रात्रीचे मात्र माझे मला बघावे लागते आणि तिथेच घोडे अडते. एकटीने हॉटेलात जाऊन बसण्याचा धीर होत नाही. मागच्या खेपेला मन घट्ट करून एका हॉटेलात गेले, तर वेटरने "एकच?" असे दोनदा विचारले आणि हात धुण्याच्या बेसिनशेजारच्या टेबलावर बसवले. पलीकडे एक मोठे कुटुंब जेवत होते, त्यांच्यातल्या बायका वळून वळून माझ्याकडे बघत आहेत असे वाटत राहिले. अर्धे ताट टाकून मी उठले. तेव्हापासून खोलीत बिस्किटे आणि केळी, नाहीतर पार्सल. मला मटण आवडते, पण इतक्या वेळा येऊनही कोल्हापुरात बसून तांबडा-पांढरा मी अजून खाल्लेला नाही. भाऊ म्हणतो, बाईमाणसाने एकटीने मटणाच्या हॉटेलात जाऊच नये. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. पत्रात तुम्ही ज्या गोष्टीचा ओझरता उल्लेख केला आहे, त्या बेसिनशेजारच्या टेबलापासूनच मी सुरुवात करते, कारण तुमची ती संध्याकाळ तुमच्या एकटेपणाने बिघडवली नसून त्या टेबलाने बिघडवली असे माझे मत आहे. हात धुवायला येणारा प्रत्येक माणूस तुमच्या खांद्यामागे येऊन उभा राहणार, चूळ भरणार, ओले हात झटकणार आणि जाता जाता तुमच्या ताटात डोकावणार. अशा जागी चारजण मिळून बसले असते, तरी त्यांनाही जेवण गोड लागले नसते.

हॉटेलवाल्याने ती जागा तुम्हाला का दिली, हे समजून घेतले तर अपमानाची बोच कमी होईल. रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास दारात माणसे ताटकळत उभी असतात, बहुतेक टेबले चौघांची किंवा सहाजणांची असतात, आणि एका गिऱ्हाइकाला चौघांचे टेबल दिले की मालकाच्या हिशेबात तीन खुर्च्या रिकाम्या बसतात. म्हणून एकटा माणूस आला, मग तो पुरुष असो की बाई, की त्याला कोणालाही नको असलेली जागा दाखवली जाते. वेटरने दोनदा विचारलेले "एकच?" हे बहुधा खुर्च्यांचेच गणित होते. त्यात बाईमाणूस म्हणून थोडे कुतूहल मिसळलेले असेल, हे मी नाकारत नाही. पण मुख्य कारण धंद्याचे होते आणि धंद्याच्या अडचणीवर धंद्याच्याच रीतीने तोड काढता येते. एकट्या गिऱ्हाइकाने जिथे मालकाचे नुकसान होत नाही अशा ठिकाणी जावे, आणि जिथे ते होते तिथे ते होणार नाही अशा वेळी जावे.

कोल्हापुरात अशी ठिकाणे शोधावी लागत नाहीत. शिकण्यासाठी, तालमीत घुमण्यासाठी, बाजार समितीत माल घेऊन आणि कचेऱ्यांच्या फेऱ्या मारण्यासाठी आसपासच्या गावांतून येणाऱ्या माणसांवर हे शहर वाढले आहे, आणि त्या माणसांची सोय म्हणून इथली खानावळ उभी राहिली. २०२५च्या ऑगस्टपासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे सुरू झाले आहे, त्यामुळे सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाहून तारखेसाठी येणारे पक्षकार आणि वकीलही आता या गर्दीत मिसळले आहेत. त्यांत एकट्या आलेल्या स्त्रियाही असतात. खानावळीत एकटे येणे हीच मुळात रीत आहे. तिथे ताट माणशी लागते, बाकावर किंवा टेबलावर जिथे जागा असेल तिथे माणूस बसतो, जेवतो, हात धुतो आणि गल्ल्यावर पैसे देऊन निघतो. शेजारी कोण बसले आहे याची चौकशी करायला तिथे कोणाला फुरसत नसते. तुम्ही ज्या प्रकारच्या हॉटेलात गेलात, तिथे मात्र माणसे कुटुंबासह, वाढदिवसाला किंवा पाहुण्यांना घेऊन येतात. तिथली सगळी मांडणीच समूहासाठी असते. सुरुवात तिथून करणे म्हणजे अवघड पेपर आधी सोडवायला घेण्यासारखे आहे.

माझी सूचना अशी की रात्रीच्या जेवणाचा विचार क्षणभर बाजूला ठेवून पहिल्या दिवशी सकाळी कार्यालय गाठण्यापूर्वी मिसळ खायला जावे. उद्यमनगरातली फडतरेंची मिसळ, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, महाद्वार रस्त्याच्या परिसरातली चोरगेंची, खासबागेची, अशी नावे कोणताही रिक्षावाला सांगेल आणि त्यांतली श्रेष्ठ कोणती यावर न विचारता मतही देईल. मिसळीच्या दुकानात सकाळच्या वेळी एकटी माणसे बरीच असतात, टेबलावर अनोळखी माणसाबरोबर बसणे गृहीतच असते, आणि एकदा कट वाढला की प्रत्येकजण आपापल्या नाकाडोळ्यांतले पाणी पुसण्यात गुंतलेला असतो. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात, याचे नवल वाटू देऊ नये. कट वेगळा मागितला तर आपल्या सोसण्याप्रमाणे घालून घेता येतो आणि संपल्यावर पुन्हा मागण्यात संकोच करण्याचे कारण नसते. अनेक ठिकाणी दुपारपर्यंत मिसळ संपलेली असते, म्हणून सकाळच बरी. एकटीने सार्वजनिक जागी बसून, मागून घेऊन, पोटभर खाऊन, पैसे चुकते करून बाहेर पडण्याचा सगळा सराव या वीस-पंचवीस मिनिटांत होतो, आणि तोही दिवसाउजेडी.

त्यानंतर रात्रीची थाळी. साडेसात वाजता, गर्दी व्हायच्या आत जावे. लॉजपासून लक्ष्मीपुरीचा भाग दूर नाही. तिथे आणि शहरात इतरत्रही मटणाच्या थाळीसाठी पिढ्यानपिढ्या नावाजलेल्या खानावळी आहेत. नेमकी कोणती, हे लॉजच्या मॅनेजरला विचारावे आणि विचारताना "घरची माणसे घेऊन तुम्ही कुठे जाता?" असे विचारावे, "इथे चांगले हॉटेल कोणते?" या प्रश्नाला साधारणपणे जवळचे किंवा महागडे हॉटेल सांगितले जाते. जाण्यापूर्वी बाहेरची पाटी वाचावी. 'परमिट रूम' किंवा 'बिअर बार' असे लिहिले असेल तर रात्री एकटीने तिथे जाऊ नये, हे मी तुमच्या भावाइतक्याच ठामपणे सांगेन. मटणामुळे ती जागा वाईट ठरत नाही. पिऊन बसलेल्या माणसांच्या शेजारी जेवण्यात मजा नसते आणि कटकट मात्र असते.

आत शिरल्यावर वेटरने विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावे, "एकच थाळी, इथेच बसते." आणि 'इथेच' म्हणताना गल्ल्याजवळच्या, भिंतीला पाठ लागेल अशा टेबलाकडे हात करावा. गल्ल्याजवळच्या जागेचे दोन फायदे आहेत: दार आपल्या नजरेत राहते आणि आपण मालकाच्या नजरेत राहतो. आगाऊपणा करू पाहणारा माणूस मालकाच्या नजरेसमोर सहसा करत नाही. बेसिनजवळची किंवा स्वयंपाकघराच्या दारातली जागा दाखवली तर "इथे नको, तिकडे द्या" एवढेच म्हणावे. कारण सांगत बसू नये, कारण सांगितले की त्यावर चर्चा सुरू होते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात, ते हॉटेलातल्या टेबलाइतके दुसऱ्या कुठल्या बाबतीत खरे नसेल.

इथे 'फॅमिली रूम' या प्रकाराबद्दल लिहायला हवे, कारण एकट्या बाईला पाहिल्यावर "ताई, आत फॅमिलीत बसा" असे हमखास सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. पण त्या आतल्या खोलीत एखादे जोडपे किंवा लेकराबाळांचा गोतावळा असतो, वेटर तिकडे विसरल्यासारखा उशिरा फिरकतो, आणि तुमच्या मनातली "आपणच तेवढ्या एकट्या" ही भावना जिथे सर्वांत जास्त बोचेल नेमक्या त्याच जागी तुम्हाला नेऊन बसवलेले असते. बाहेरच्या हॉलमध्ये चार एकटी माणसे जेवत असतील तर तुमची जागा तिथे आहे. नम्रपणे "इथेच बरे आहे" म्हणावे आणि बसावे. बाहेर फारच गोंगाट असेल किंवा नजरा खटकत असतील तर आत जाण्यातही कमीपणा नाही. निवड तुमची असावी, एवढेच माझे म्हणणे.

हॉटेलात कोण कुठे बसतो, ही बाब या शहराने पूर्वीपासून गांभीर्याने घेतली आहे. गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या गृहस्थांनी छत्रपती शाहू महाराजांच्या पाठबळावर भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढले, तेव्हा गिऱ्हाइके फिरकेनात. मग महाराज स्वतः गाडी थांबवून सर्वांदेखत तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. त्या लढाईशी तुमच्या संकोचाची बरोबरी मी करणार नाही, ती करणे अन्यायाचे होईल. पण चारचौघांत बसून खाणे ही क्षुल्लक बाब नसते, हे ज्या गावाने एवढे जवळून पाहिले, त्या गावात आपल्या जागेचा आग्रह धरताना तुम्हाला अवघडल्यासारखे वाटायला नको.

आता ताटाविषयी, कारण त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. मटण थाळी म्हटले की साधारणपणे सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू आणि कुठे अंडे, कुठे सोलकढी असे येते. पांढरा रस्सा हा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस, काजू किंवा तीळ यांचे वाटण घालून करतात. तो गरम असताना वाटीला तोंड लावून आधी पिऊन घ्यावा, भाताची वाट बघत ठेवू नये. तांबड्यात कांदा-लसूण चटणीचा रंग असतो, आणि त्याचा लाल तवंग पाहून बाहेरगावची माणसे घाबरतात तेवढा तो प्रत्येक ठिकाणी जहाल नसतो. (देशभरच्या मेनूकार्डांवर 'व्हेज कोल्हापुरी' या नावाने जे काही लालभडक मिळते, ते कोल्हापूरच्या घरांत कोणी शिजवत नाही, हे जाता जाता सांगून ठेवते.) तरीही तिखट सोसत नसेल तर "थोडे अळणी मिळेल का?" असे विचारावे, फोडणी-चटणीच्या आधी बाजूला काढलेले मटणाचे ते पाणी इथे लहान मुलांना देतात, त्यामुळे ते मागणाऱ्याकडे कोणी चमकून बघत नाही.

रस्सा बहुतेक खानावळींत हवा तेवढा मिळतो. वाढपी भांडे घेऊन फिरत असतो आणि तुमची वाटी रिकामी दिसली की "ताई, तांबडा घालू का पांढरा? लाजू नका, खावा की," असे म्हणत ओततोच. तुमच्यासारख्या व्यक्तीला या क्षणी मान खाली घालून "नको, बास" म्हणण्याची सवय असते. घरी सर्वांना वाढून शेवटी जेवणाऱ्या बायकांची ती जुनी सवय आहे. पांढरा घाला, असे सांगावे. भाकरी एकेक करून गरम मागवावी, दोन एकदम घेऊ नयेत, कारण दुसरी तोवर कडक होते. आणि शिल्लक टाकण्याची वेळ येऊ नये म्हणून भात शेवटी आणि थोडाच सांगावा.

जेवताना काय करायचे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण एकट्या जेवणाऱ्याच्या मनात तो असतोच, आणि त्यावर सगळीकडे मोबाइल किंवा पुस्तक जवळ ठेवण्याचा सल्ला दिला जातो. कोल्हापुरी थाळीपुढे हा सल्ला कुचकामी आहे. उजवा हात रश्श्याने माखलेला, डाव्या हातात वाटी किंवा लिंबाची फोड. मोबाइल धरणार कशाने? पुस्तकाच्या पानावर पडलेला तांबड्याचा डाग जन्मात निघत नाही. ताट येईपर्यंतची पाच-दहा मिनिटे जड जातात, तेवढ्यापुरता मोबाइल घ्यावा, दिवसभराच्या कामाची टिपणे काढावीत, घरी फोन करावा. ताट आल्यावर त्याची गरज उरत नाही, कारण हाताने जेवणे हेच पुरेसे काम असते.

आणि लोकांच्या बघण्याचे काय? ते बघतील. त्या कुटुंबातल्या बायका तुमच्याकडे बघत होत्या की तुमच्या मागच्या बेसिनकडे, हे मी इथे बसून सांगू शकत नाही; पण कोणीच बघणार नाही असे खोटे आश्वासन मी देणार नाही. कोल्हापुरातली माणसे बघतात, आणि बघून थांबत नाहीत, "कुठनं आलाय?" असे विचारतातही. या विचारण्यात बहुधा आगत असते. "कामासाठी आले आहे" एवढे उत्तर पुरते. कोणत्या लॉजवर उतरलात, किती दिवस आहात, बरोबर कोणी आहे की नाही, हे मात्र कितीही गोड बोलणाऱ्याला सांगू नये. समोर येऊन बसलेला माणूस नुसता जेवत असेल तर तो खानावळीचा रिवाज समजावा. तो गप्पा लांबवू लागला तर वाढप्याला हाक मारून "माझे ताट तिकडे घ्या" म्हणावे आणि उठावे. रात्री परतताना अंतर थोडे असले तरी रिक्षा करावी, निघताना घरी कळवावे आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक मोबाइलवर चटकन लागेल असा ठेवावा. यापेक्षा जास्त धास्ती बाळगण्याजोगे हे शहर नाही.

पार्सलबद्दल तुम्ही अपराधी सुरात लिहिले आहे, त्याची गरज नाही. दिवसभर फायली चाळून डोके उठले असेल तर खोलीत बसून खाण्यात काहीच गैर नाही. पण मग चपाती-भाजी, अख्खा मसूर-रोटी असे काहीतरी मागवावे. पांढरा रस्सा पार्सलने मागवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पिशवीत बांधलेला रस्सा लॉजवर पोहोचेपर्यंत निवतो, वर चरबीचा थर धरतो, आणि पुन्हा तापवायला तुमच्याकडे काही नसते. त्या स्थितीत तो चाखून कोणी कोल्हापूरच्या जेवणाविषयी मत बनवले, तर ते मत मी जमेस धरणार नाही.

मेनूकार्डाच्या हॉटेलात जाण्याची वेळ आली तर अडचण वेगळी असते. तिथली एक भाजी दोघा-तिघांच्या हिशेबाने येते, एकटीला संपत नाही आणि सोडवतही नाही. 'हाफ' मिळते का ते आधी विचारावे. मिळत नसेल तर एकच भाजी घेऊन उरलेली बांधून मागावी, किंवा दालखिचडी, बिर्याणी असा एकट्याने संपणारा पदार्थ घ्यावा. मुंबईत काम निघाले तर इराणी आणि उडुपी हॉटेले एकट्या माणसाला आपोआप सामावून घेतात, कारण तिथे टेबल वाटून घेणे हा शिरस्ताच आहे. जपानमध्ये इचिरान नावाच्या रामेनच्या दुकानांत तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाजूंना फळ्या उभारून स्वतंत्र कप्पा केलेला असतो. मला विचाराल तर इतकी सोय मला नको, समोरच्या ताटातले सुके आपल्या ताटातल्यापेक्षा चांगले दिसते आहे का, हे बघण्याची संधीच त्यात जाते.

भावाचे म्हणणे राहिले. त्यांची काळजी खोटी नाही, पण 'मटणाचे हॉटेल' म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे हायवेवरचा ढाबा किंवा परमिट रूम असावी असे वाटते. त्यांच्याशी वाद घालू नये. पुढच्या खेपेला खानावळीत बसल्यावर ताट आले की जेवायला सुरुवात करण्यापूर्वी त्याचा फोटो त्यांना पाठवावा आणि जेवून खोलीवर परतल्यावर फोन करावा. असे दोन-तीनदा झाले की ते विरोध करण्याऐवजी येताना कांदा-लसूण चटणी आणायला सांगतील.

एकदा आवडलेल्या खानावळीत त्याच मुक्कामात दुसऱ्या रात्री पुन्हा जावे, नवी शोधू नये. दुसऱ्या वेळी गल्ल्यावरचा माणूस ओळखीची मान हलवतो आणि टेबल दाखवण्याचा प्रश्न उरत नाही. शक्य तर सोमवार, मंगळवार किंवा गुरुवारची रात्र धरावी. बुधवारी आणि विशेषतः रविवारी दुपारी सगळे कोल्हापूर मटणासाठी बाहेर पडलेले असते, आणि तेव्हा तुम्ही एकट्या असा की सहकुटुंब, दारात उभे राहणे चुकत नाही.